आभाळातले पाहुणे

महाराष्ट्राला हबशी माणूस परका नाही. मुरुडजवळच्या समुद्रातला जंजिरा त्याने शतकानुशतके राखला, आणि त्याच्या त्या चिमुकल्या राज्याला लोक हबसाणच म्हणत. हबसाण म्हणजे अबिसीनिया, आजचा इथिओपिया. त्याच मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा हस्ते-परहस्ते दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, खडकी हे शहर वसवून गेला आणि जमीन-महसुलाची अशी घडी बसवून गेला की तिचे नाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिले. हा मलिक अंबर १६२६ साली वारला. परमुलखातून आलेला माणूस एखाद्या देशाला किती उपयोगी पडू शकतो, हे पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

आज सांगायची हकीकत मात्र उलट्या दिशेची आहे. विसाव्या शतकात खुद्द हबसाणातच बाहेरची माणसे आली. ती तलवार घेऊन आली नाहीत की तराजू घेऊन आली नाहीत. ती विमाने घेऊन आली. त्यांत फ्रेंच होते, जर्मन होते, अमेरिकन होते, स्वीडिश होते. कोणी पगारासाठी आले, कोणी नावासाठी, तर कोणी मनाला काही पटले म्हणून. ज्या देशात त्या वेळी धड रस्ते नव्हते त्या देशाला एकदम आकाशातले रस्ते हवे झाले होते, आणि त्या रस्त्यांवरून जाणारा आपला माणूस त्याच्यापाशी नव्हता. अशा देशाने परक्याला बोलावू नये तर काय करावे? पण बोलावल्यावर त्याच्यावर किती विसंबावे, त्याला कोठवर ठेवावे, आणि तो गेल्यावर मागे काय उरावे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात इथिओपियाची चाळीस-पंचेचाळीस वर्षे गेली.

मैदान तेवढे घरचे

१८९६ साली अडवाच्या रणांगणावर इथिओपियाने इटलीच्या फौजेचा साफ पराभव केला होता. सारा आफ्रिका खंड युरोपियनांनी वाटून घेतला तरी हे डोंगराळ राज्य स्वतंत्र राहिले, ते या विजयाच्या पुण्याईवर. पण अडवाची लढाई जमिनीवरची होती. पहिल्या महायुद्धानंतर शहाण्या राज्यकर्त्यांना कळून चुकले होते की पुढची संकटे वरून येणार. त्या वेळी देशाचा कारभार पाहणारे रास तफारी, म्हणजेच पुढचे सम्राट हाइले सेलासी, अशा शहाण्यांपैकी होते. १९२२ साली एडनला त्यांनी ब्रिटिश विमानांच्या कसरती पाहिल्या आणि तेथल्या तेथे आपणही वर जाऊन यायचे असा हट्ट धरून ते एका विमानात बसलेसुद्धा.

ऑगस्ट १९२९ मध्ये अदिस अबाबाला पहिले विमान उतरले. विमान फ्रेंच बनावटीचे पोटेझ, ते चालवणारा फ्रेंच, त्यात भरायचे तेलही बाहेरचे. मैदान तेवढे घरचे! पाठोपाठ जर्मन विमान आले ते जर्मन वैमानिकासह. तरीही वर्षभरात दोन तरुण विमान चालवायला शिकले. एक मिश्का बाबिचेफ, ज्याचे वडील रशियन व आई इथिओपियन. आणि दुसरा अस्फाव अली. एका हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी ही शिष्यशाखा, पण सुरुवात झाली होती.

पाहुण्यांत सगळेच काही शिकवायला येत नसतात. काही मिरवायलाही येतात. १९३० साली ह्यूबर्ट ज्युलियन नावाचा त्रिनिदादमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गाजलेला कृष्णवर्णीय उड्डाणवीर अदिस अबाबाला आला. सम्राटांसमोर हवाई छत्री घेऊन उडी टाकून त्याने वाहवा मिळवली. राज्याभिषेकाचा सोहळा तोंडावर आला असताना मात्र त्याने सम्राटांचे आवडते छोटे विमान उडवले आणि आपटून मोडले. स्वारीला देशाबाहेर काढण्यात आले. एका विमानाचे मोल काय, असे कोणी म्हणेल. पण ज्याच्या घरी मोजकीच भांडी आहेत त्याला एक भांडे फुटले तरी ते जन्मभर आठवते.

झाडू हातात घेऊन शिकलेला विद्यार्थी

१९३५ च्या मे महिन्यात शिकागोहून दुसरा एक कृष्णवर्णीय अमेरिकन इथिओपियाकडे निघाला. त्याचे नाव जॉन रॉबिन्सन. मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्ट गावी तो लहानाचा मोठा झाला आणि टस्कीगीच्या विख्यात विद्यालयात त्याने मोटारींच्या यंत्रांचे काम शिकून घेतले. विमानविद्या शिकावी म्हणून तो शिकागोच्या एका विमानशाळेच्या दाराशी गेला, तेव्हा वर्णामुळे त्याला दार उघडले नाही. त्याने त्याच शाळेत झाडलोटीची नोकरी धरली. वर्गात केर काढता काढता तो फळ्यावरचे टिपून घेई. शेवटी शाळेला त्याला विद्यार्थी म्हणून घ्यावेच लागले. पुढे त्याने आणि त्याचा मित्र कॉर्नेलियस कॉफी याने आपल्यासारख्यांसाठी उड्डाणमंडळ काढले, आणि गोऱ्यांचे विमानतळ मिळेनात म्हणून रॉबिन्स या गावी स्वतःचे मैदान तयार केले.

दारे बंद असताना शिकलेला माणूस दुसऱ्यासाठी दार उघडताना चुकत नाही, असे म्हणावेसे वाटते. रॉबिन्सन इथिओपियात आला तेव्हा इटलीची स्वारी होणार हे कोणालाही सांगावे लागत नव्हते. सम्राटांनी त्याला आपल्या वायुदलाचा प्रमुख नेमले. वायुदल म्हणजे काय, तर निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या वयांची दोनएक डझन विमाने. त्यांतली थोडीच उडण्याजोगी, आणि लढण्याजोगी जवळजवळ एकही नाही. समोर मुसोलिनीची शेकडो विमाने.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीचे सैन्य सरहद्द ओलांडून आले आणि त्याच दिवशी अडवावर बाँब पडले. चाळीस वर्षांपूर्वीच्या पराभवाचा सूड आकाशातून घेतला जात होता. रॉबिन्सन त्या वेळी अडवातच होता. त्यानंतरचे महिने त्याने नि:शस्त्र विमानातून आघाडी आणि राजधानी यांमध्ये खेपा घातल्या. निरोप, औषधे, अधिकारी, जे नेता येईल ते त्याने नेले. शत्रूची विमाने दिसली की ढगात शिरायचे किंवा दऱ्यांच्या आडोशाने पळायचे, एवढेच त्याचे हत्यार. त्याला जखमाही झाल्या.

त्याच युद्धात, त्याच आभाळात एक स्वीडिश तरुणही उडत होता. कार्ल गुस्ताफ फॉन रोसेन त्याचे नाव. मोठ्या सरदार घराण्यातला हा सव्वीस वर्षांचा मुलगा स्वीडिश रेड क्रॉसच्या पथकाबरोबर जखमींना हलवण्याचे विमान घेऊन आला होता. नियतीची गंमत अशी की, हिटलरच्या विमानदलाचा सर्वाधिकारी गोअरिंग हा त्याच्या मावशीचा नवरा. घरची माणसे कोणत्या बाजूला झुकली आहेत हे न पाहता हा पोरगा इटालियन बाँबखाली सापडलेल्या हबशी शेतकऱ्यांना उचलून आणत होता. १९३५ च्या डिसेंबरअखेर मेल्का दिदा येथील स्वीडिश रेड क्रॉसच्या इस्पितळावरही इटलीने बाँब टाकले. विमानातून विषारी वायूही फवारला गेला. जून १९३६ मध्ये परागंदा सम्राटांनी जिनीव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे राहून ही सारी कहाणी सांगितली. जगाने ती ऐकली आणि पुढल्या कामाला लागले.

ज्याचे आकाश परक्याच्या ताब्यात, त्याची जमीन त्याची राहत नाही, हा धडा इथिओपिया इतका महाग किंमत देऊन शिकला.

पुन्हा बोलावणे

१९४१ साली इटालियनांची सत्ता मोडली. ती मोडणाऱ्या फौजांत भारतीय पलटणी होत्या. एरिट्रियातल्या केरेनच्या बिकट डोंगरांवर झालेल्या लढाईत आपले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढले आणि पडले, हे आपल्याकडच्या पुष्कळ घरांना ठाऊक असेल. ५ मे १९४१ रोजी सम्राट राजधानीत परतले. पण सोडवणारा ब्रिटिश पाहुणा लवकर उठायची चिन्हे दिसेनात. कारभारात, सैन्यात, पैशात, सगळीकडे त्याचा शब्द. सम्राट मुरब्बी होते. एकाच्या ओंजळीने पाणी पिण्यापेक्षा चार ओंजळी शोधाव्यात, म्हणजे कोणाचीच मूठ आवळली जात नाही, हे त्यांनी ओळखले. विमानकंपनीसाठी त्यांनी अमेरिकनांना हाक मारली, वायुदलासाठी स्वीडिशांना, आणि पुढे हररची लष्करी प्रबोधिनी उभी करायला भारतीय अधिकाऱ्यांना. आफ्रिकेत वसाहत नसलेले देश त्यांनी वेचून घेतले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रॉबिन्सन मात्र या हाकेच्याही आधी आला. १९४४ साली मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन तो परत इथिओपियात पोचला आणि त्याने नव्या वैमानिकांची शाळा सुरू केली. युद्ध अजून चालू, सामान मिळेना, विमाने जुनी. तरी त्याच्या हाताखाली मुले तयार होऊ लागली. त्यानंतर फॉन रोसेन आला. स्वीडनहून साब कंपनीची नवी विमाने आली, शिक्षक आले, राजधानीजवळ बिशोफ्तूच्या तळावर पद्धतशीर वायुदल उभे राहू लागले. १९४७ च्या मे महिन्यात फॉन रोसेनने एक छोटे साफिर विमान स्टॉकहोमहून कोठेही न उतरता थेट अदिस अबाबाला आणले. सहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, जवळजवळ एकतीस तास, आणि विमान केवढे, तर आपल्या मोटारगाडीला पंख लावावेत एवढे!

या पराक्रमाला दाद दिलीच पाहिजे. पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. फॉन रोसेन आणि रॉबिन्सन यांचे जमले नाही. भांडण विकोपाला गेले आणि वायुदल सोडावे लागले ते रॉबिन्सनला. एकाच्या पाठीशी एक सधन देश, त्याचे कारखाने, त्याचे सरकार. दुसऱ्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याच्या स्वतःच्या देशात तर त्याला गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवणेही कित्येक ठिकाणी अशक्य. पाहुण्यापाहुण्यांतही मानपान असतो आणि तो नेहमी योग्यतेनुसार ठरत नाही. पडत्या काळात नि:शस्त्र विमान घेऊन जो उडाला, त्याला भरभराटीच्या काळात बाजूला व्हावे लागले. रॉबिन्सन तरीही देश सोडून गेला नाही. तो तेथेच उडत राहिला, आणि मार्च १९५४ मध्ये अदिस अबाबाला झालेल्या विमान अपघातात जखमी होऊन वारला. त्याला तेथेच मूठमाती मिळाली.

खेचरांच्या वाटेवर डकोटा

सामान्य माणसाला वायुदलापेक्षा विमानकंपनी जवळची. २१ डिसेंबर १९४५ रोजी अमेरिकेच्या टी. डब्ल्यू. ए. कंपनीच्या साहाय्याने इथिओपियन एअर लाइन्स स्थापन झाली. अमेरिकन सैन्याने वापरून सोडलेली पाच डकोटा विमाने हे तिचे भांडवल. ८ एप्रिल १९४६ ला पहिले विमान अस्मारामार्गे कैरोला गेले. वैमानिक अमेरिकन, यंत्रज्ञ अमेरिकन, व्यवस्थापक अमेरिकन. आत गाद्यांच्या खुर्च्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना बाके, मध्ये माल, आणि त्या मालाकडे पाहत समोरासमोर बसलेले उतारू.

या वैमानिकांचे काम किती कठीण होते, हे समजायला थोडा हिशेब पाहू. अदिस अबाबाचा विमानतळ समुद्रसपाटीपासून तेवीसशे मीटरांहून उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरावर उभे राहून आणखी सहा-सातशे मीटर चढायचे. इतक्या उंचीवर हवा सुमारे एक पंचमांशाने विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी, इंजिनाला श्वास कमी. जमीन सोडायला विमानाला जास्त धावावे लागते आणि ओझे कमी घ्यावे लागते. समुद्रकाठी जो डकोटा डौलाने उठतो, तोच येथे मैदानाचे टोक जवळ आले तरी जमिनीला चिकटून राहतो. भरल्या विमानाचे एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या इंजिनाच्या बळावर या डोंगरांच्या वर राहणे कठीण. जून ते सप्टेंबर पावसाळा. ढग डोंगराला टेकलेले आणि गवताळ मैदानांचा चिखल झालेला. कित्येक ठिकाणी रेडिओ नाही, नकाशा भरवशाचा नाही. वैमानिक नदीचे वळण, देवळाचे छप्पर, कड्याचा रंग यांवरून वाट ओळखत.

पण या खटाटोपाने देशाचे रूप पालटले. इथिओपियाच्या डोंगरांत नद्यांनी अशा खोल दऱ्या कोरल्या आहेत की समोरचे गाव दिसते आणि तेथे पोचायला खेचरावरून दिवसच्या दिवस लागतात. जिम्माकडची कॉफी, कातडी, टपाल, औषधे, सरकारी अंमलदार, आजारी माणसे, सगळी आता तासा-दोन तासांत पलीकडे जाऊ लागली. ज्याने मोटार पाहिली नव्हती त्याने विमान पाहिले. आपल्याकडेही थोडेफार असेच झाले होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीचे टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा तेच टपाल पुढे मद्रासकडे नेले ते ब्रिटिश हवाई दलात नोकरी केलेल्या नेव्हिल व्हिन्सेंट याने. आपल्या टपाली विमानसेवेची मूळ कल्पनाही त्याचीच. फरक एवढाच की येथे त्याच्या बरोबरीने पहिल्या दिवसापासून एक भारतीय वैमानिक होता.

उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत

विमानात पुढे दोन खुर्च्या असतात. डावीकडे कप्तान बसतो, उजवीकडे त्याचा मदतनीस. अंतर हातभराचे, पण ते ओलांडायला इथिओपियन माणसाला अकरा वर्षे लागली. १९५७ साली अलेमायेहू अबेबे हा या कंपनीचा पहिला इथिओपियन कप्तान झाला. त्या दिवशी विमान तेच होते, मैदान तेच होते. फक्त निर्णय घरच्या माणसाचा होता. वादळ पाहून पुढे जायचे की परतायचे, हे आता परक्याला विचारायचे नव्हते.

अकरा वर्षे थोडी की फार? तरुण इथिओपियनांना ती फार वाटली असतील यात शंका नाही. एकाच विमानातून सारख्याच जोखमीने उडणाऱ्या दोघांत, एक परदेशी म्हणून त्याचा पगार आणि बंगला वेगळा, हे कोणाला रुचेल? आणि परदेशी वैमानिकाच्या मनातही पेच असतोच. समोरच्याला जितके चांगले शिकवावे तितकी आपली नोकरी लवकर संपते! हा पेच ज्याला पेलतो तोच खरा शिक्षक. उलट घाईने हाती दिलेले विमान त्या डोंगरात कोणाचाच मुलाहिजा ठेवत नाही, हेही खरे. इथिओपियाने दोन्ही टोके टाळली. पाहुण्याला हाकलले नाही आणि त्याला घरजावईही करून घेतले नाही. १९६४ साली कंपनीने आपली वैमानिकशाळा काढली. बोलेचा नवा विमानतळ तयार होऊन जेट विमाने आली. १९७१ साली कर्नल सेम्रेत मेधाने हे पहिले इथिओपियन महाव्यवस्थापक झाले, आणि १९७५ साली अमेरिकन कंपनीशी असलेला करार संपला.

तो संपला तेव्हा देशात उलथापालथ झालेली होती. सप्टेंबर १९७४ मध्ये क्रांतिकारक लष्कराने सम्राटांना पदच्युत केले होते. दुष्काळ, यादवी, शेजाऱ्याशी युद्ध, अशी संकटांची रांग लागली. या धुमाळीत विमानकंपनी मात्र उडत राहिली. ती परक्यांच्याच हातात असती तर त्यांनी सामान बांधले असते आणि तीही बसली असती. पण इंजिन उघडणारा हात, हिशेब लिहिणारा हात आणि दांडा धरणारा हात, तिन्ही घरचे झाले होते.

फॉन रोसेन १९५६ साली वायुदलातून बाजूला झाला होता. पुढे नायजेरियाच्या यादवीत बियाफ्राच्या उपाशी लोकांना अन्न पोचवण्यासाठी त्याने वेढा तोडून विमान नेले, आणि नंतर तेथे चिमुकल्या विमानांतून त्याने हल्लेही केले. त्यावरून त्याची स्तुतीही झाली आणि निंदाही. म्हातारपणी तो पुन्हा इथिओपियात आला, तो लढायला नव्हे. दुष्काळात रस्ता नसलेल्या गावांवरून अगदी खालून विमान नेत तो धान्याची पोती टाकत असे. १३ जुलै १९७७ रोजी गोदे येथे सोमाली हल्ल्यात तो मारला गेला. वय सदुसष्ट. त्यालाही इथिओपियाच्याच मातीने जवळ केले. ज्या दोघांचे जिवंतपणी पटले नाही, त्या दोघांना शेवटी एकाच देशाची जमीन मिळाली.

यांपैकी मोठा कोण, हा प्रश्न आपण विचारू नये. परदेशी माणसाची परीक्षा त्याने केलेल्या विक्रमांवरून होत नाही. विक्रम त्याच्याबरोबर जातो. परीक्षा होते ती तो गेल्यावर, त्याच्या रिकाम्या खुर्चीत कोण बसते यावरून. ज्युलियन गेल्यावर मोडके विमान उरले. रॉबिन्सन, फॉन रोसेन आणि नाव न उरलेले कित्येक अमेरिकन व स्वीडिश शिक्षक गेले, तेव्हा मागे माणसे उरली. २०१० साली आम्साले ग्वालू ही त्या कंपनीची पहिली स्त्री कप्तान झाली. आज अदिस अबाबाच्या विमानविद्यालयात इतर आफ्रिकी देशांची मुलेमुलीही शिकायला येतात. कालचा शिष्य आज पंतोजी झाला आहे.

मुंबईच्या विमानतळावर हिरव्या-पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांची इथिओपियन विमाने उतरतात. जंजिऱ्याच्या तटावर हबशी पहारेकरी उभे असत त्या काळी हबसाण आणि कोकण यांमधला रस्ता समुद्रातून होता, वाऱ्याच्या मर्जीवर चालणारा. आता तो आभाळातून आहे, आणि त्यावरून येणारे विमान हबसाणचीच माणसे चालवतात.